दातपत्रिका

रावीचा पहिला दात पेरू खाताना पडला. तिने तो मुठीत घट्ट धरला आणि आईला दाखवायच्या आधी आरशात जाऊन स्वतःच्या तोंडातली खिडकी बघून आली.

"कौलावर टाकायचा ना?" तिने विचारलं.

रत्नागिरीतल्या त्यांच्या इमारतीला कौलं नव्हती. वर सौरऊर्जेची पॅनेल्स होती आणि पाण्याच्या टाक्या होत्या. तिची आई केतकी म्हणाली, "गच्चीवर टाकू. त्याआधी मला दे. मी तो वाचून परत आणते."

"दात वाचतात?"

"वाचतात. तू पोटात होतीस तेव्हापासूनचं त्यात असतं."

दुधाचा पुढचा दात बाळ पोटात असतानाच, साधारण चौथ्या महिन्यात, घडायला लागतो. रोज त्याच्यावर एक अतिशय पातळ थर चढतो. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीराला जो धक्का बसतो, त्याची एक वेगळी रेघ दातात उमटते. त्या रेघेच्या अलीकडचे थर म्हणजे आईच्या पोटातला काळ, पलीकडचे म्हणजे जगातला. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांच्यातला फरक नीट ओळखता येत नाही. आईच्या रक्तात शिसं असेल तर ते बाळाकडे जातं आणि त्या दिवशीच्या थरात बसतं. रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरतं. दातातलं उतरत नाही. लेझरचा बारीक किरण दातावरून फिरवला, तो जिथे पडेल तिथली वाफ मोजली, की थराथराचा हिशेब कागदावर येतो. पूर्वी हे काम मोठ्या संशोधन संस्थांमध्येच होत असे. आता शिवणयंत्राएवढं एक यंत्र जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत टेबलावर बसवलेलं होतं, आणि केतकी तिथे विषविश्लेषक होती.

शाळाशाळांतून पडलेले दात यायला लागले तेव्हा पहिल्या वर्षात पुष्कळ चांगलं झालं. बॅटऱ्या वितळवणारी एक चोरटी भट्टी सापडली. हळदीत पिवळा रंग मिसळणारी एक गिरणी बंद झाली. पण दात वेळ सांगतो, कारण सांगत नाही. कारणाची मोकळी जागा लोकांनी आपापल्या परीने भरली. ते त्या आलेखाला दातपत्रिका म्हणू लागले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे जन्मरेघेच्या आसपास जरा जरी चढ दिसला तरी बोट सुनेच्या माहेराकडे वळे. एका प्रकरणात सासरच्यांनी आलेख थेट कोर्टात नेला होता. काही मुली बाळंतपणाला माहेरी जाईनाशा झाल्या होत्या. काही आज्या नातवंडांचे दात गुपचूप खाडीत टाकत होत्या.

नातेवाइकाचा नमुना स्वतः तपासायचा नाही, असा नियम होता. म्हणून केतकीने रावीचा दात शकील मुकादमकडे दिला. शकील शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि कुठलाही आलेख समोर आला की काहीतरी बोलल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"मॅडम, मंगळ आहे पत्रिकेत," तो म्हणाला. "आणि तोही माहेरच्या घरात." मग त्याने तारखा नीट पाहिल्या आणि खुर्ची मागे सरकवली. "माफ करा. तुम्हीच बघा."

जन्मरेघेच्या आधी चढ सुरू होत होता. रेघ ओलांडून तो आणखी थोडा वर जात होता आणि मग उतरत होता. केतकीला कॅलेंडर बघायची गरज पडली नाही. मार्चअखेर, सातवा सरल्यावर, ती वेळणेवाडीला माहेरी गेली होती. रावी मेअखेरीस झाली. ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप बघून ती बाळाला घेऊन परत आली होती.

"धोक्याच्या पातळीच्या वर आहे?" तिने विचारलं.

"फार नाही. पण वर आहे." शकीलने पडद्यावरच्या पुष्टीच्या बटणाकडे पाहिलं. ते दाबलं की जिल्ह्याच्या नकाशावर ते घर लाल व्हायचं आणि सरकारी कारवाई सुरू व्हायची. "आठवड्याची मुदत असते. मी आज दाबत नाही. तुम्ही जाऊन या."

वेळणेवाडीच्या घरात सध्या तिघं होती: बाबा, आई आणि केतकीच्या धाकट्या भावाची बायको पल्लवी. भाऊ संकेत जहाजावर होता. पल्लवीला पाचवा महिना होता. तिला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. आता फेब्रुवारी संपत आला होता. ज्या चढावरून रावी गेली होती, त्याच्या पायथ्याशी पल्लवीचं बाळ येऊन उभं होतं.

घरी केतकीच्या नवऱ्याने, अमेयने, आलेख हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तो बंदरावर अभियंता होता. आलेख वाचायला त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"रावी बोलायला उशिरा लागली होती," तो म्हणाला.

"हो."

"आणि पाढे अजून..."

"अमेय, यावरून एका मुलाचं काही सांगता येत नाही. हजार मुलांचं सांगता येतं."

"मी हजार मुलांचा बाप नाही."

केतकीने आलेख त्याच्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

"यंदा मे महिन्यात तिला वेळणेवाडीला पाठवायचं नाही," तो म्हणाला.

"कारण सापडेपर्यंत नाही."

"सापडलं तरी."

आतल्या खोलीत रावी दात परत मिळाला म्हणून गच्चीची किल्ली शोधत होती.

वेळणेवाडीला केतकीचे बाबा, दत्ताराम गुरव, देवळाच्या पायरीवर वाटीत शेंदूर आणि तेल कालवत बसले होते. गावदेव भैरीची शिळा त्यांच्या घराण्याकडे होती. दर शनिवारी तिला शेंदराचा लेप चढायचा. देऊळ, त्याच्या मागे घर आणि मध्ये विहीर, एवढाच त्यांचा परिसर.

"ये गो बाय. पेटी कसली ती?"

"तपासणीची."

"घराची तपासणी? आमी काय दारू गाळतो?"

वाटेत येतानाच केतकीच्या मनाने निकाल दिला होता. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे तिला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि हातातला मापक वाटीला लावला. यंत्राने लोह दाखवलं, थोडी माती दाखवली. शिसं नव्हतं. शिशाच्या शेंदरावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बाबा निमूटपणे नवा आणत होते.

"काय म्हणतंय?"

"चांगला आहे."

"बघ. देवाला नावं ठेवायला आलीस, नि देव पास झाला."

स्वयंपाकघरात आईला रावीच्या दाताचं सांगून तिने हळद तपासली, मिरची तपासली, पातेल्यांची कल्हई, काजळाची डबी, बाळंतिणीसाठी आणून ठेवलेला डिंक आणि आळीव तपासले. सगळं स्वच्छ होतं. आई चुलीकडे पाठ करून उभी होती. यंत्र एकेका डब्याजवळ गेलं की तिचं तोंड आणखी घट्ट मिटत होतं.

"माझ्या हातचं खाऊन बाधलं ना तुला?" ती शेवटी म्हणाली.

"हातचं नाही गं आई. घरातलं काहीतरी."

"घरातलं म्हणजे माझ्याच हातचं. दुसरं कोण रांधतंय इथं?" तिने आळिवाच्या डब्याचं झाकण जोरात लावलं. "लाडूंचा डबा भरून नेलास तेव्हा कुठं होतं हे यंत्र?"

पल्लवी पाटावर बसून हे ऐकत होती. तिने हात पुढे केला. "ताई, माझं रक्त घ्या आधी. माझं कळलं की आईंचा जीव भांड्यात पडेल."

केतकीने तिघांच्याही बोटाचा एकेक थेंब घेतला. तिघांतही शिसं होतं, थोडं जास्त, आणि जवळजवळ सारखं. हेच तिला चमत्कारिक वाटलं. दोष शेंदराच्या हातांचा असता तर बाबांचा आकडा सगळ्यांत मोठा आला असता. चुलीचा असता तर आईचा. तिघांच्या पोटात सारख्याच मापाने जाणारी वस्तू घरात एकच होती. पण विहिरीचं पाणी ग्रामपंचायत दरवर्षी दिवाळीनंतर तपासून घ्यायची, आणि ते दरवर्षी चांगलं निघायचं. आजही तिच्या मापकाने ते मर्यादेच्या आत दाखवलं. काठावर होतं, पण आत होतं.

ती ओसरीवर बसली आणि रावीचा आलेख पुन्हा उघडला. आपण तो घाईत वाचला होता, हे तिच्या आता लक्षात आलं. उतार ऑगस्टमध्ये, ती घर सोडून गेल्यावर, सुरू झालाच नव्हता. तो जूनच्या मध्यावरच सुरू झाला होता. त्या वेळी ती याच घरात होती, हेच पाणी पीत होती, आईच्या हातचं जेवत होती. बदललेली गोष्ट एकच होती. मृग लागून विहीर भरली होती.

"बाबा, मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं?"

"गुडघाभर. पंप गढूळ उचलतो तेव्हा. लाल माती येते."

कोकणात विहिरीच्या तळाची माती लालच असते. तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. केतकीने नमुन्याची बाटली दोरीला बांधून तळाशी सोडली, दोरी हलवून गाळ ढवळला आणि बाटली वर ओढली. पाणी निवळायची वाट न बघता तिने मापक लावला. आकडा वर गेला, आणखी वर गेला आणि मापकाच्या पट्टीबाहेर गेला.

"विहिरीत काही पडलंय का, बाबा?"

"आपल्या विहिरीत?" दत्ताराम हसले. "गावातली बाई पोटुशी राहिली की या विहिरीचं पाणी तीर्थ म्हणून लोटीभर नेते. रोज नेते. इथं कोण काय टाकील?" मग बाटलीतला लालसर गाळ बघून त्यांचा आवाज हळू झाला, पण त्यात अभिमान होता. "तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी भैरीनं कवच सोडलं. तू पुण्याला होतीस. पणज्याच्या आधीपासनं चढलेला शेंदूर, एका सकाळी अख्खा सुटून पडला. आत शिळा अशी लकलकीत. ते कवच दोघांना उचलंना."

"ते कुठे आहे?"

"नदीत सोडावं तर खाली म्हशी डुंबतात. खाडीत लोक कोळंबी करतात. देवाचं अंग ते. गावातलं सगळ्यात चोख पाणी हुतं, तिथं सोडलं." त्यांनी विहिरीकडे हात केला. "आपल्या दारात."

केतकीने बाटलीचं झाकण लावलं. मग तिने त्यांना सांगितलं, शक्य तितक्या हळू. बंदीच्या आधीचा शेंदूर म्हणजे शिसंच होतं. तेलामुळे काही वर्षं ते कवच टिकलं असेल, मग सुटून त्याचा गाळ झाला. जांभ्या दगडातलं पाणी थोडं आंबट असतं, त्यात शिसं हळूहळू उतरतं. विहीर भरलेली असते तेव्हा पाणी पुष्कळ असतं, गाळ खाली बसलेला असतो, आणि तपासणी त्याच दिवसांत होते. उन्हाळ्यात पाणी कमी होतं आणि पंप तळाला लागतो.

दत्तारामांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो देव हाय," ते म्हणाले. "विष नाय."

"बाबा, विहीर उपसावी लागेल. तीर्थ आजपासून बंद करावं लागेल."

"नि देवाला बाहेर काढून तुमच्या कचऱ्याच्या गाडीत घालायचा? माझ्या हयातीत नाय." ते उठले आणि देवळात निघून गेले. शेंदराची वाटी पायरीवर तशीच राहिली.

ओसरीवर पल्लवीने पिशवी भरायला घेतली. देवळाच्या दाराशी जाऊन ती बाहेरूनच म्हणाली, "बाबा, मी ताईंबरोबर रत्नागिरीला जाते. देवावर रुसून नाही जात. पाण्यापायी जाते."



"मी पण येते," आई केतकीला म्हणाली. "हिचं बाळंतपण मी करीन, असं हिच्या बापाला सांगून बसलेय." तिने लुगड्याचा पदर खोचला आणि मग जरा थांबली. "म्हणजे लाडू नव्हते."

"नव्हते, आई."

"पाणी मी तुला उकळूनच देत हुते. बाळंतिणीला उकळलेलंच द्यायचं. अर्धं आटवून."

"हो. आठवतं मला."

पाणी आटवलं की शिसं जात नाही. पाणी जातं, आणि शिसं उरलेल्या अर्ध्यात राहतं. केतकीने हे तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. तिने आईची पिशवी उचलली.

पल्लवीसाठी औषध फारसं नव्हतं. दूषित पाणी बंद, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, आणि वाट बघणं. अमेयने तिच्यासाठी स्वतःची अभ्यासाची खोली रिकामी केली. आईने पहिल्याच दिवशी नळाखाली तांब्या धरून ते पाणी उजेडात फिरवून पाहिलं, चव घेतली आणि "औषधासारखं लागतंय," म्हणून तोंड वाकडं केलं. पण तेच प्यायली.

आठवड्याच्या शेवटी बाबांचा फोन आला.

"ते बाहेर काढलं तर ठेवायचं कुठं? तुझं शास्त्र काय सांगतं?"

"दोन मार्ग आहेत. पेटीत बंद करून सरकारी विषसाठ्यात न्यायचं, किंवा सिमेंटमध्ये पक्कं ओतून जमिनीखाली ठेवायचं, पाणी लागणार नाही असं. दोन्ही चालतात."

"बरं. उद्या सकाळी कौल लावतोय. ये."

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्याने ओल्या करून शिळेच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो, प्रश्न मांडतो आणि वाट बघतो. जी पाकळी आधी गळेल ते देवाचं उत्तर. गावातली लग्नं, जमिनी, भांडणं या पाकळ्यांवर ठरली होती. ओल्या पाकळीचं सुकणं आणि घसरणं हे किती गोष्टींवर अवलंबून असतं, याचा विचार केतकीने आयुष्यात पहिल्यांदाच केला, आणि तो तिला आवडला नाही.

"कौल उलटा पडला तर?" तिने शकीलला विचारलं.

"मॅडम, आपलं बटण कौलावर चालत नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत त्याने ते दाबलं. नकाशावर वेळणेवाडीचं एक घर लाल झालं.

त्याचं म्हणणं खरं होतं. महिन्याभरात आदेश निघाला असता, माणसं आली असती, विहीर उपसली गेली असती. पण तीर्थ नेणाऱ्या बायकांनी नकाशा पाहिला नव्हता. त्यांना थांबवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो उद्या पाकळ्या लावणार होता. त्याने 'काढू की नको' असं विचारलं आणि 'नको' आलं, तर त्या बायका दुसरी वाट, दुसरी वेळ शोधून तेच पाणी नेत राहिल्या असत्या, आणि लपवूनही.

सकाळी देवळात वीस-पंचवीस माणसं होती, आणि बाहेर केतकीबरोबर आलेली प्रयोगशाळेची दोन माणसं. दोन बायका लोट्या घेऊन आल्या होत्या, त्यातली एक सात-आठ महिन्यांची पोटुशी. दत्तारामांनी आंघोळ करून सोवळं नेसलेलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन पाकळ्या शिळेला चिकटवल्या आणि हात जोडले.

"बा देवा भैरी म्हाराजा," त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "तुझं कवच मी विहिरीत सोडलं. चोख पाणी बघून सोडलं, मनात पाप नव्हतं. त्यापायी पाणी बाधलं, नि तुझ्या लेकरांना बाधलं. माझ्या नातीला बाधलं." देवळात कोणीतरी खोकलं. "ते मी आज बाहेर काढतोय. उजवी दिलीस तर इथंच तुझ्या पायाशी सिमेंटात बांधीन. डावी दिलीस तर सरकारच्या पेटीत देईन. कुठं ऱ्हायचं तेवढं तू सांग."

केतकीला क्षणभर वाटलं, आपण एखादं वाक्य ऐकायचं चुकवलं. मग कळलं, चुकवलं नव्हतं. काढायचं की नाही हा प्रश्न त्यांनी देवापुढे ठेवलाच नव्हता.

उजेड दारातून आत सरकत होता. डावी पाकळी एका टोकाने सुटली, थोडी लोंबली आणि पडली.

माणसांत कुजबूज झाली. देव गाव सोडून सरकारी पेटीत जाणार होता. दत्तारामांचा चेहरा जरासा ओढला गेला. त्यांनी पाकळी उचलून कपाळाला लावली.

"गाडी बोलव," ते केतकीला म्हणाले. "नि त्या हातमोज्यांचा एक जोड मला दे. तुझी माणसं दोरी धरू देत. खाली मी उतरणार."

"बाबा, आमची माणसं शिकलेली आहेत त्यासाठी."

"सोडताना माझे हात लागले. काढताना दुसऱ्याचे कशाला?"

तिने हातमोजे दिले, मुखपट्टी दिली आणि ती कशी बांधायची ते दाखवलं. त्यांनी निमूटपणे बांधून घेतली. बायकांनी केतकीभोवती कोंडाळं केलं होतं. आमच्या पोरांचं काय, आम्ही तर कित्येक वर्षं नेतोय, आता काय करायचं, असे प्रश्न एकावर एक येत होते. सगळ्यांचं रक्त आजच इथेच तपासू, असं ती सांगत होती. लहान मुलांचं आधी, आणि पोटुशी बाई आहे तिचं सगळ्यांत आधी. ती पोटुशी बाई मात्र लोटी छातीशी धरून अजून दत्तारामांकडेच बघत होती.

"मंग गुरवकाका, आमी तीर्थ कुठलं न्यायचं?" तिने विचारलं.

दत्तारामांनी मुखपट्टी हनुवटीखाली ओढली.

"पंचायतीच्या नळाचं ने."

"नळाचं? ते देवाला चालतं?"

"आज पहाटे त्याला त्याच पाण्यानं आंघोळ घातली," ते म्हणाले, आणि विहिरीच्या काठावर बसून एक पाय आत सोडत त्यांनी दोरी कमरेला बांधून घेतली. "काय बोलला नाय."